सावलीच्या मानेवर

रोटेनाखच्या बाजारचौकात धान्यकोठाराची दक्षिणेकडची जी भिंत आहे, तिला नगरसभेनं दोनदा चुना फासला. का फासला, हे गावात कुणी विचारत नाही. मी सांगायला लागले की लोकांना एकदम घरची कामं आठवतात. आठवू देत. मी बुर्गा, इथल्या न्हाणीघराची मालकीण, आणि मला आफ्राबद्दल बोलायचंय. ती गेल्यापासून माझ्या डोक्यातला विस्तव विझलेला नाही, आणि तो विझावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही न्हाणीघरवाले म्हणजे बिनमानाचे लोक. शनिवारी शिंग फुंकलं की सगळं गाव आमच्याकडे येतं, नागडं होऊन फळीवर बसतं, पाठ चोळून घेतं, तुंबड्या लावून घेतं, निखळलेला खांदा बसवून घेतं. रविवारी चर्चमध्ये तीच माणसं आमच्यापासून हातभर लांब बसतात. आमच्या मुलाला सुतारांचा संघ घेत नाही, आमची मुलगी चांभाराच्या घरात चालत नाही, आणि न्यायालयात आमची साक्ष धरत नाहीत. आमच्याच पंगतीला गावोगावचे वाजवणारे, मेलेली गुरं सोलणारे, आणि भाडोत्री लढवय्ये. लढवय्ये म्हणजे ज्याला स्वतःच्या हक्कासाठी लढता येत नाही त्याच्या वतीनं रिंगणात उतरणारे. वेन्डेल त्यातला. त्याचा बापही त्यातलाच.

वेन्डेल एका मठाच्या शेताच्या बांधासाठी लढला होता. मठाला शेत मिळालं आणि वेन्डेलला तीन मोडक्या बरगड्या. मठातल्या साधूंनी त्याला फाटकाबाहेर ठेवलं, कारण लढवय्याला आत घेतलं तर मठ विटाळतो. ज्याच्या हाडांवर यांचा गहू पिकणार, त्याला साधं गवताचं अंथरूण नाही! तो लेकीच्या खांद्यावर हात टाकून माझ्या दारात आला. मी बरगड्या बांधल्या. बऱ्या झाल्या तरी तो गेला नाही. लाकडं फोडायला लागला, भट्टी सांभाळायला लागला, आणि मागच्या अंगणात कुस्ती शिकवायला लागला.

ती लेक म्हणजे आफ्रा. आली तेव्हा मुकी आहे की काय असं वाटलं मला. आठवडाभरात कळलं की मुकी नाही, उपाशी आहे. जवाची लापशी आणि डुकराची चरबी पोटात गेल्यावर जी बोलायला लागली ती थांबलीच नाही. मला ‘बुर्गामावशी’ म्हणायची. बादल्या वाहून तिची मनगटं अशी झाली की पाठ चोळताना मोठमोठे कसाई ‘हळू, बाई, हळू’ म्हणून ओरडायचे. एक चांभाराचा कारागीर तिच्यासाठी झुरत होता, चांगला मुलगा. त्याच्या संघानं त्याला बोलावून विचारलं, ही की तुझी आरी, काय हवं ते सांग. त्यानं आरी निवडली. आफ्रानं दोन दिवस बादल्या आदळल्या, तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘जाऊ दे मावशी, त्याच्या हाताला चामड्याचा वास येतच होता.’’ ती हसली, मला मात्र अजून त्या संघाच्या दारावरून जाताना थुंकावंसं वाटतं.

मागच्या अंगणात एका खुंटीला ओल्या भुश्शाचं पोतं टांगलेलं असायचं. वेन्डेल तिला तिथं शिकवायचा. मी धुण्याचा पिळा करता करता ऐकायची, म्हणून ते बोलणं मला पाठ झालंय.

‘‘मारलंस. मग?’’ वेन्डेल विचारायचा.

‘‘मग काय? लागलं त्याला.’’

‘‘लागलं म्हणून तो घरी गेला का? उभाच आहे. मार म्हणजे दारावरची थाप, आफ्रे. थाप ऐकली की माणूस दार उघडतो. उघडलं की आत शिरायचं, पकडायचं, आडवा करायचा. नुसती थाप मारून जो बाहेर उभा राहतो तो भिकारी.’’

‘‘आणि थाप न मारता शिरला तर?’’

‘‘तो चोर. आणि चोराला ठोकतात.’’

मग तो तिला दाखवायचा. डाव्या हाताची चापट मानेकडे जायची, समोरच्याचा हात मान झाकायला वर यायचा, आणि तो वर आलेला हातच वेन्डेलला हवा असायचा. मनगट एका हातात, कोपराखाली दुसरा हात, एक पाऊल पुढं, की समोरचा माणूस वाकून स्वतःच्या बोटांकडं बघत उभा. ‘‘चापट लागली नाही तरी चालेल,’’ तो म्हणायचा. ‘‘त्याचा हात वर आला पाहिजे. मार आणि पकड हे दोन डाव नाहीत. एकच आहे. मधे श्वास घेतलास तर दोन होतात, आणि मग तू मेलीस.’’

हे वाक्य लक्षात ठेवा. याच वाक्यानं त्याचा घात केला.

वस्ताद म्हणून त्याचं नाव झालं तशी गावातली बड्या घरची पोरं यायला लागली. मागच्या दारानं यायची अर्थात, पुढच्या दारानं आली तर आमचा वास लागेल ना. त्यात लिनहार्ट होता. क्रेसेनबाखांचा धाकटा. बाप कापडाचा मोठा व्यापारी, नगरसभेत खुर्ची. पोरगा अंगानं चपळ आणि डोक्यानं तापट. त्याला एक खोड होती आणि ती वेन्डेलला काही केल्या मोडता आली नाही.

‘‘छोटे धनी, तुमचा हात फार लवकर उठतो,’’ वेन्डेल सांगायचा. ‘‘कुणी जवळ नुसती टाळी वाजवली तरी तुम्ही मान झाकता. मनगट ताटात वाढून देताय.’’

‘‘माझी मान आहे, झाकणारच!’’

‘‘झाका, पण उजव्या हातानं नको. उजवा हात लढायला ठेवा.’’

जोडीला कुणी नसलं की वेन्डेल आफ्राला उभी करायचा. आफ्रा टाळी वाजवायची, लिनहार्टचा हात उठायचा, आणि छोटे धनी लाकडाच्या ढलप्यांत पालथे. एकदा झालं, दोनदा झालं, पुन्हा पुन्हा झालं. बाकीची पोरं हसायची. लिनहार्टही हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे. न्हाणीघरातली पोरगी आपल्याला पाडते आणि आपलेच मित्र बघतात, हे त्याच्या पोटात गेलं आणि तिथंच बसलं. तिच्याशी उघड लढला असता तर हसू झालं असतं. म्हणून त्यानं तिच्या बापाला गाठलं.

संत याकोबाच्या जत्रेत चौकातल्या लिंडनच्या झाडाखाली बक्षिसाच्या मेंढ्यासाठी कुस्त्या लागतात. दोस्तीच्या कुस्त्या. त्यांची रीत अशी की दोघांनी आधी उघडे तळवे दाखवायचे, मग एकमेकांचे दंड धरायचे, आणि मग सुरू करायचं. मूठ वळायची नाही, हे आमच्याकडं दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. लिनहार्टनं सगळ्यांसमोर वेन्डेलला हाक दिली, ‘‘वस्ताद, या! चेल्याला एकदा मान द्या!’’ लोकांनी टाळ्या पिटल्या. वेन्डेलला आनंद झाला, मी त्याचं तोंड पाहिलं. भरचौकात कुणी त्याला वस्ताद म्हटलं होतं.

मी आणि आफ्रा बीअरच्या पिंपांजवळ होतो, झाडाच्या पलीकडच्या बाजूला. बाकी गाव लिनहार्टच्या पाठीमागे. म्हणून आम्हाला जे दिसलं ते गावाला दिसलं नाही. वेन्डेलनं उघडे तळवे दाखवले आणि दंड धरायला हात पुढं केले. लिनहार्टनं दंड धरलाच नाही. त्यानं मूठ वळली आणि सरळ गळ्याच्या घाटीवर मारली. वेन्डेलचा श्वास अडकला, उजवा हात वर आला, आणि लिनहार्टनं त्याची बोटं पकडून उलटी मोडली. तो आवाज मी ऐकला. मी हाडं बसवणारी बाई आहे, तो आवाज मला कळतो. मग त्यानं टांग मारून वेन्डेलला आस्मान दाखवलं. गावाला दिसलं ते एवढंच: हात धरला, टांग मारली, वस्ताद चीत.

आफ्रा ओरडत धावली, ‘‘मूठ मारली! त्यानं मूठ मारली!’’

‘‘हरलेल्यांची पोरं असंच ओरडतात,’’ कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. लिनहार्ट मेंढा खांद्यावर टाकून तीन गल्ल्या फिरला.

मी बोटं बांधली, काड्या लावल्या, चरबी चोळली. घशावरचा काळानिळा डाग उतरला. आवाज घोगरा झाला तो तसाच राहिला. बोटं जुळली, पण मूठ काही वळेना. पकडीवर जगणाऱ्या माणसाची पकड गेली. तरी तो डाव्या हातानं शिकवू शकला असता, ते बाप-लेक मिळून शिकवू शकले असते. पण शिकायला कोण येणार? ज्या वस्तादाला चेल्यानं भरजत्रेत पाडलं, त्याच्याकडून काय घ्यायचं? अंगण ओस पडलं. पोतं खुंटीला कुजलं.

वेन्डेलनं भरपाई मागितली नाही, सूड मागितला नाही. तो एवढंच म्हणाला, ‘‘त्यानं चौकात उभं राहून सांगावं, मूठ माझी होती म्हणून. एक वाक्य. ते बोलला की मी मोकळा.’’

एक वाक्य! आमची साक्ष चालत नव्हती, गावानं पाहिलं नव्हतं, म्हणजे ते वाक्य फक्त लिनहार्टच्या तोंडातून येऊ शकत होतं. आफ्रा क्रेसेनबाखांच्या दुकानात गेली. मी सोबत गेले, कारण तिचा राग मला माहीत होता. लिनहार्ट कापडाच्या गठ्ठ्यावर बसून नासपती खात होता.

‘‘छोटे धनी, एक वाक्य बोला आणि विषय संपवा,’’ ती म्हणाली. पोरीनं आवाज किती खाली ठेवला होता!

‘‘कुणासमोर बोलू? तुझ्यासमोर? तू काय माणसांत मोडतेस होय?’’

‘‘तुम्हाला पाडलं तेव्हा मोडत होते.’’

त्याचे कान पुन्हा लाल झाले. ‘‘नोकराला हाक मारू का कुत्रा सोडू?’’

‘‘दोघांतलं कोणतंही सोडा,’’ आफ्रा म्हणाली, ‘‘फक्त मान झाकून सोडा.’’ मी तिला ओढत बाहेर आणलं. दुकानातल्या गिऱ्हाईक बायका सोवळ्यात असल्यासारख्या बाजूला सरकल्या, ज्यांच्या बाळंतपणाचं पाणी मी तापवलं त्याच बायका.

मग आफ्रानं प्रकरण न्यायालयात नेलं; आमची साक्ष धरत नसले तरी फिर्याद ऐकून घेतात. लिनहार्ट आधी म्हणाला, मूठ मारलीच नाही. घशावर तेव्हा उठलेल्या डागाबद्दल विचारल्यावर त्याच्या चुलत्यानं, जो वकिली करतो, नवीन वाट काढली. तो म्हणाला, ‘‘वेन्डेल स्वतःच काय शिकवतो? मार आणि पकड एकच. माझ्या पुतण्यानं वस्तादाचाच डाव वस्तादावर केला. जे दोन नाहीतच, त्यातून मार वेगळा काढून त्याला गुन्हा कसा म्हणणार?’’ त्यानं तलवारशाळेच्या काश्पारला साक्षीला उभं केलं. काश्पार मानाचा वस्ताद, त्याला नगरसभेचा परवाना. त्यानं बुटांकडं बघत शपथ घेतली, ‘‘कलेच्या दृष्टीनं खरं आहे. मार आणि पकड एकच.’’

‘‘कलेत!’’ वेन्डेल घोगऱ्या आवाजात ओरडला. ‘‘जिवावरच्या लढाईत! मी तळवे दाखवले होते, उघडे तळवे!’’ त्याला गप्प बसवलं. न्यायाधीशानं निकाल मोठ्यानं वाचून दाखवला: मार आणि पकड ही एकच कृती असून ती तोडता येत नाही, सबब कुस्ती ती कुस्तीच. संध्याकाळी चुलता आणि न्यायाधीश एकाच टेबलावर बदक खात होते, हे मला वाढणाऱ्या पोरीनं सांगितलं.

पण हात कायमचा गेला होता, म्हणून न्यायाधीशाला उदार व्हायचं होतं. कायद्याची पोथी उघडली. लढवय्यांना आणि त्यांच्या मुलांना भरपाई काय द्यायची ते आमच्या पोथीत लिहिलेलं होतं, आजोबा-पणजोबांपासून. भरपाई म्हणजे सावली. ज्यानं इजा केली त्यानं उन्हात भिंतीसमोर उभं राहायचं, आणि ज्याला इजा झाली त्यानं भिंतीवरच्या सावलीच्या मानेवर एक फटका मारायचा. झाला न्याय. मानाच्या माणसाला माणूस, बिनमानाच्याला माणसाची सावली! हे ज्यानं लिहिलं त्याची हाडं कुठं पुरली आहेत ते मला कळलं असतं तर मी तिथं न्हाणीघराचं घाण पाणी ओतलं असतं.

‘‘माझ्या बापानं मारली होती सावली,’’ वेन्डेल त्या दिवशी भट्टीसमोर बसून म्हणाला. ‘‘मी बघत होतो. लोकांचं हसून पोट दुखलं. नंतर तो घरात कुणाशी बोलला नाही. मी नाही जाणार.’’

‘‘मी जाते,’’ आफ्रा म्हणाली.

‘‘हसतील, आफ्रे.’’

‘‘हसू देत की. बाबा, निकाल काय वाचला त्यांनी? पुन्हा सांगा.’’

वेन्डेलनं सांगितला. ती जळक्या लाकडाकडं बघत राहिली. मला तेव्हा काही कळलं नाही. वेन्डेलला कळलं असावं, कारण तो पुन्हा एकदाही नको म्हणाला नाही.

दिवस ठरला संत मिखाएलचा. सकाळी नदीवरून धुकं वर आलं आणि चौकात बसून राहिलं. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेपर्यंत सावली पडली नाही तर हक्क संपला, असाही नियम. म्हणजे बिनमानाच्या माणसानं न्यायासाठी आभाळाच्या पाया पडायचं! सगळं गाव जमलेलं, सॉसेजं भाजणारे, बीअरवाले, पोरं खांद्यावर घेतलेले बाप. जरा वेळानं धुकं विरळ झालं, तिरपं ऊन आलं, चोपदारानं हाक दिली, तर लिनहार्टचा पत्ता नाही. निरोप आला, धनी न्याहारी करताहेत. मग निरोप आला, धनी बूट घालताहेत. ढग येतील आणि दिवस फुकट जाईल, असा त्यांचा हिशेब. लोकांना मजा वाटत होती. मला वाटत होतं, एखादं पिंप उचलावं आणि न्यायाधीशाच्या डोक्यात घालावं.

ढग आले नाहीत. ऊन मात्र चढलं. लिनहार्ट आला तेव्हा सूर्य डोक्याकडं सरकला होता. तो भिंतीपासून चांगला लांब उभा राहिला, भिंतीकडं तोंड, उन्हाकडं पाठ, मखमली टोपी, दोन्ही हात कमरेवर. पण उंच सूर्याची सावली आखूड असते. ती भिंतीपर्यंत पोचेचना, पायाशीच दगडांवर पडून राहिली.

‘‘धनी, दोन पावलं पुढं या,’’ चोपदार म्हणाला.

लिनहार्ट पुढं झाला. सावलीची मान भिंतीच्या बुडाशी लागली.

‘‘अजून या. पोरीनं काय गुडघे टेकून मारायचं?’’ लोक हसले. लिनहार्टही हसला आणि अजून पुढं झाला. मान भिंतीवर हाताच्या उंचीला आली तेव्हा तो भिंतीपासून हाताच्या अंतरावर होता. सकाळी वेळेवर आला असता तर सुरक्षित लांब उभा राहून मोकळा झाला असता. त्याची न्याहारी त्याला तिथवर घेऊन आली.

आफ्रा कडेनं आली, म्हणजे तिची सावली त्याच्या सावलीवर पडू नये. अंगावर रोजचाच कामाचा झगा, बाह्या कोपरापर्यंत वर.

‘‘मुलगी, एक फटका,’’ न्यायाधीश म्हणाला. ‘‘बापाच्या हाताची पूर्ण भरपाई म्हणून. मान्य?’’

‘‘मान्य. जसा निकाल आहे तसा.’’

‘‘मार जोरात, मेली पाहिजे हं सावली!’’ मागून कुणीतरी ओरडलं.

तिनं डावा हात उचलला आणि भिंतीवरच्या सावलीच्या मानेवर तळवा असा मारला की फाटक आपटल्यासारखा आवाज झाला. लिनहार्टच्या कानाशी झाला. आणि त्याचा हात उठला. उजवा हात. मान झाकायला.

त्याला कुणी हात लावला नव्हता. मार दगडाला बसला होता. पण थाप ऐकून त्यानं दार उघडलं. आफ्रानं मधे श्वास घेतला नाही. भिंतीवरून परतणाऱ्या हातानंच मनगट घेतलं, दुसरा हात कोपराखाली, एक पाऊल पुढं, आणि छोटे धनी तोंडानं भिंतीला लागले, बरोबर जिथं त्यांची सावली होती तिथं. टोपी खाली पडली. नाकातून रक्त आलं आणि चुन्यावरून ओघळलं.

हसणं बंद झालं.

‘‘सोड त्याला!’’ न्यायाधीश खुर्चीतून उठला. ‘‘फटका दिला होता तुला, फक्त फटका!’’

‘‘मार आणि पकड एकच कृती, तोडता येत नाही,’’ आफ्रा म्हणाली, भिंतीवरची नजर न काढता. ‘‘तुमचाच निकाल, साहेब. मार दिलात म्हणजे पकडही दिलीत. विचारा काश्पार वस्तादांना, शपथेवर सांगतील.’’

काश्पार बुटांकडं बघत होता. यावेळी त्याचे खांदे हलत होते. मेला हसत होता.

‘‘ओढा तिला!’’ न्यायाधीश चोपदारांवर ओरडला.

‘‘ओढा,’’ आफ्रा म्हणाली. ‘‘पण मी मागं गेले की यांचं कोपर माझ्याबरोबर येईल. मी न्हाणीघरातली आहे. कोपर कसं निखळतं ते मला माहीत आहे.’’ चोपदार जागच्या जागी थांबले. मग ती लिनहार्टकडं वाकली. ‘‘छोटे धनी, एक वाक्य.’’

तो भिंतीत तोंड घालून काहीतरी पुटपुटला.

‘‘कोठाराला नका सांगू. आत धान्य आहे, त्याला कुस्ती कळत नाही. चौकाला सांगा.’’ आणि तिनं कोपर बोटभर वर उचललं.

‘‘मूठ माझी होती!’’ लिनहार्ट किंचाळला. ‘‘दंड धरायच्या आधी मारली! त्यानं तळवे दाखवले होते, मी मूठ मारली!’’

तिनं लगेच सोडलं. एक क्षण जास्त धरलं नाही, हे मी शपथेवर सांगते, माझी शपथ कुणी धरत नसलं तरी. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. मागे पाणवठ्यापाशी वेन्डेल उभा होता. येणार नाही म्हणाला होता, पण आला होता. त्याचा चेहरा मी पाहिला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग भयंकर राग आला, कारण एवढंसं वाक्य एवढ्या मोठ्या गावात एवढ्या कष्टानं का मिळावं?

न्यायाधीशानं तिथल्या तिथं हुकूम काढला: शांतताभंगाबद्दल या मुलीनं सूर्य मावळायच्या आत गावाची वेस सोडावी, पुन्हा येऊ नये. लिनहार्टच्या मुठीबद्दल? एक अक्षर नाही. त्या मुठीचा निकाल लागून गेला होता म्हणे.

मी राय धान्याचे दोन पाव, धुरी दिलेलं मांस आणि माझी लोकरी शाल बांधून दिली. आफ्राचा डावा तळवा सुजून काळा पडला होता. मी पट्टी बांधत होते तेव्हा वेन्डेल वाकून बघत होता.

‘‘थाप फार जोरात मारलीस,’’ तो म्हणाला. ‘‘हलकी पुरली असती.’’

‘‘राग आला होता, बाबा.’’

‘‘राग पकडीत ठेवायचा असतो.’’

‘‘तिथंही ठेवला होता की थोडा.’’

तो हसला. घोगरं हसला, पण हसला. हुकूम आफ्रावर होता, पण वेन्डेलही तिच्याबरोबर निघाला. वेशीवर पहारेकरी होता, जो इतकी वर्षं वेन्डेलला ‘ए भाडोत्री’ म्हणायचा. त्यानं फाटक उघडलं आणि म्हणाला, ‘‘सांभाळून जा, वस्ताद.’’ ज्या दिवशी गावानं बाप-लेकींना हाकललं, त्या दिवशी गावाला तो वस्ताद वाटला! मला त्या पहारेकऱ्याला मिठी मारावी की कानाखाली द्यावी कळेना. मी काहीच केलं नाही. डोनाऊ नदीवरच्या तराफेवाल्यांकडून नंतर कळलं की खालच्या अंगाला एका गावात ते दोघं शिकवतात, बाप बोलतो आणि लेक करून दाखवते. पुढच्या दारानं येतात म्हणे तिथली पोरं.

पुढच्या वसंतात नगरसभेनं पोथीतलं सावलीचं पान रद्द केलं. पाद्रीबाबा प्रवचनात म्हणाले, एक लाजिरवाणी रीत गेली. गेली, बरं झालं. तिच्या जागी काय आलं? काही नाही. आता बिनमानाच्या माणसाला कुणी मारलं तर सावलीसुद्धा मिळत नाही. भिंतीवरचा डाग चुन्यातून पुन्हा वर आला, म्हणून दुसऱ्यांदा चुना फासला.

लिनहार्ट आता बापाच्या खुर्चीत बसतो. क्रेसेनबाखसाहेब म्हणायचं त्याला. जाडा झालाय, अंग दुखतं, आणि गावात न्हाणीघर एकच आहे. दर शनिवारी येतो, फळीवर पालथा पडतो, डोळे मिटतो. मी तुंबड्या लावते, बर्चच्या डहाळ्यांची जुडी गरम पाण्यात भिजवते, आणि पाठीवर मारायच्या आधी एकदा त्याच्या कानाशेजारच्या भिंतीवर सपकन आपटते.

त्याचा उजवा हात उठतो. मान झाकतो. सगळी फळी बघते, आणि सगळ्यांना आठवतं तो काय बोलला होता ते. पण कुणी हसत नाही.

‘‘माफ करा हं, धनी,’’ मी म्हणते, ‘‘पाणी झटकत होते.’’

मला पकड येत नाही, नाहीतर इतक्यावर थांबले नसते.